बिनखुणेचा पत्रा

दिवाळी पाच दिवसांवर, ईद आठवड्यावर, पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही आणि दारात निम्मं भिंगार डबे घेऊन बसलेलं. बहात्तर सालच्या त्या मंगळवारी लालमहंमदच्या डोक्याला एवढा ताप पुरे होता. तरी सकाळी नऊला त्याच्या बेकरीसमोर जीप थांबली आणि तिच्यातून मिसेस ऑल्सन उतरल्या.

त्यांचा नवरा दुष्काळी गावांत बोअर घ्यायला अमेरिकेतून आलेला. कॅम्पातल्या एका बंगल्यात दोघं राहायची. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली की ती बाहेर काढायची सोय देवानं ठेवलेली नव्हती. त्यांनी एक गुळगुळीत कागदाचं मासिक उघडून लालमहंमदच्या नाकासमोर धरलं. चित्रात मैद्याच्या खरपूस छोट्या वाट्या, आत काळंभोर चकचकीत चॉकलेट आणि त्यावर पांढऱ्या साखरेच्या धाग्यांनी काढलेलं कोळ्याचं जाळं.

"बारा टार्ट," त्या आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या. "आज संध्याकाळी पार्टी. आज भुतांचा सण. मेलेले लोक आज घरी येतात."

"आमच्याकडं ते येऊ नयेत म्हणून खटपट करत्यात, मॅडम," लालमहंमद म्हणाला. "आन् बाहेर बघा, किती बायका बसल्यात."

मॅडमनी बाहेर पाहिलं, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि जीपमधून चॉकलेटचे डबे, लोणी आणि पिठीसाखर उतरवून घेतली. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यातून शकिलानं ते चित्र पाहिलं. शकिला म्हणजे लालमहंमदची एकुलती एक. बायको मुमताज गेल्यापासून घरात ही दोघंच, आणि आता ईद झाली की शकिलाचाही निकाह लागून ती श्रीगोंद्याला जायची होती. मेंदी काढण्यात तिचा हात धरणारं भिंगारात कुणी नव्हतं.

"अब्बा, जाळं मी काढीन," ती म्हणाली, आणि लालमहंमदनं हात टेकले.

आता भट्टीची रीत सांगितली पाहिजे. दिवाळीत बायका घरून रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन यायच्या. लालमहंमदचा मेहुणा अजीज ते मळून लोखंडी पत्र्यावर नानकटाई मांडायचा, आणि भाजून झाली की जिचा पत्रा तिला. यंदा दुष्काळानं चार पत्रेवाल्या अर्ध्यावर आल्या होत्या, त्यामुळं एकेका नानकटाईचा हिशेब डोळ्यांत तेल घालून होई. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली असे. कोपऱ्यातल्या नानकटाईत कुणी एक लवंग खोचायची, कुणी वेलदोडा, कुणी आणखी काही. बाई वारली की तिची खूण दुसरी कुणी उचलत नसे. आणि लालमहंमदचा बाप मरताना सांगून गेला होता की बिनखुणेचा पत्रा भट्टीत घालायचा नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. विचारायची वेळही आली नाही, कारण आपला माल बिनखुणेचा सोडणारी बाई भिंगारात अजून जन्माला यायची होती.

ती अमेरिकेत जन्मली होती. लालमहंमदनं पोरवयात कॅम्पातल्या मेसमध्ये साहेबांसाठी असली पेस्ट्री पुष्कळ केली होती. त्यानं लोणी घालून मैदा मळला, बारा साच्यांत पातळ दाबून बसवला, कडांना चिमटीनं चुण्या घातल्या आणि सवयीनं कोपऱ्यातल्या वाटीत एक लवंग खोचली. खुर्ची टाकून बसलेल्या मॅडम ताडकन उठल्या आणि दोन बोटांनी त्यांनी ती लवंग उपटून काढली.

"नो, नो. घाण नको. सुंदर पाहिजे."

"मॅडम, ती घाण न्हाई, खूण हाय. खुणेबिगर—"

"माझी पार्टी. सगळे टार्ट माझे. खूण कशाला?"

उपाशीपोटी माणूस किती भांडणार? लालमहंमदनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत पत्रा लांब दांड्याच्या फावड्यावर घेतला आणि भट्टीत सारला. मॅडम समाधानानं निघून गेल्या.

पत्रा बाहेर आला तेव्हा वाट्या सुरेख झाल्या होत्या. कोपऱ्यातल्या वाटीच्या तळाशी मात्र हरभऱ्याच्या डाळीचे तीन दाणे त्रिकोणात बसलेले होते. नंतर कुणी टाकले असावेत असं म्हणायला जागा नव्हती. ते मैद्यात रुतून मैद्याबरोबरच तांबूस भाजले गेले होते.

"अजीज," लालमहंमद ओरडला, "तुझे डोळे कुठं असत्यात?"

अजीजनं हातातलं पीठ झटकलं. "मी त्या पत्र्याला बोट लावलं न्हाई, भाईजान. रोजा हाय माझा, खोटं कशाला बोलू?"

दारातल्या रतनबाईंनी मान लांब करून पाहिलं. त्या गेली वीस वर्षं याच उंबऱ्याशी नानकटाईची वाट पाहत आल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"ही मनकर्णेची खूण हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या जावंची. ती तर आखाडात गेली."

"गेली ते मलाबी ठावं हाय, बाई. कुनाचा तरी चावटपना हाय ह्यो."

"मसनातल्या मानसाची खूण घेऊन कोन चावटपना करंल, लालूभाई?"

लालमहंमदचा आवाज चढला. त्यानं ती वाटी फोडून राखेत टाकली, अजीजला आणखी चार शब्द ऐकवले आणि एक नवी वाटी दाबली. ती त्यानं स्वतःच्या हातानं मळली, स्वतः साच्यात बसवली, उजेडाला धरून आतून-बाहेरून पाहिली. मॅडमच्या हट्टाप्रमाणं खूण घातली नाही. एकटी वाटी पत्र्यावर ठेवून आत सारली आणि भट्टीच्या तोंडाशी तो पहारा देत उभा राहिला.

या वाटीत अर्धा चिंचोका निघाला.

अर्धा चिंचोका ही साळूबाईंची खूण. मागल्या गल्लीतल्या साळूबाई. आणि गंमत अशी की लालमहंमदला ते पाहून हायसं वाटलं. साळूबाई जिवंत होत्या. चारच दिवसांपूर्वी त्यांना बेकरीवरून डोक्यावर पाटी घेऊन खडी फोडायच्या कामावर जाताना त्यानं पाहिलं होतं. म्हणजे यात मेलेल्याबिलेल्यांचा काही संबंध नव्हता. कुणीतरी त्याच्या डोळ्यांत धूळ फेकत होतं, एवढंच.

"जा," तो अजीजला म्हणाला, "साळूबाईंना इचार, तुमची खूण कुणाला दिली हुती का. आन् त्यांचा पत्रा यंदा कधी आनताय तेबी इचारून ये."

अजीज गेला तो पाऊण तासानं आला. तोवर रतनबाईंचा पत्रा झाला, आणखी तिघींचे झाले. अजीज भट्टीपाशी न येता दारातच उभा राहिला.

"साळूबाई पहाटं गेल्या," तो म्हणाला. "झोपेतच. आत्ता उचललं त्यांना."

रतनबाई आपला डबा उचलून निघाल्या आणि त्यांच्यामागून दोघी-तिघी उठल्या. ज्यांचं पीठ मळून झालं होतं तेवढ्या नाइलाजानं बसून राहिल्या, पण भिंतीच्या पलीकडं, उन्हात.

लालमहंमदचा राग आता कुणावर निघावा ते त्यालाच कळेना. मॅडमवर, त्यांच्या सणावर, बापावर. बापानं मरताना एवढं एक वाक्य सांगायला दम खर्च केला, तर त्याचं कारण सांगायला आणखी एक श्वास जास्त लागला असता का? अकरा वाट्या तयार होत्या. शकिलानं आत चुलीवर चॉकलेट वितळवलं होतं, त्याचा गोडसर कडवट वास माजघरातून येत होता. चाखून बघायची सोय नाही म्हणून ती नुसत्या वासावर साखर घालत होती.

"अब्बा, बारावी कुठं हाय?" तिनं आतून विचारलं.

बारावी. सोडून द्यायला हवी होती. लोकांनी पुढं तेच म्हटलं. पण लालमहंमद चाळीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. आपल्याच भट्टीनं आपल्याला वाकुल्या दाखवाव्यात हे त्याला सोसवेना. त्यानं तिसरी वाटी दाबली. खूण घालायला लवंगेच्या डबीत हात घातला आणि तिथंच त्याची हट्टी खोपडी आड आली. बघू तर खरं, या खेपेला काय निघतंय.

त्यानं वाटी आत सारली. भट्टीत लाकडं नेहमीसारखीच तडतडत होती. त्यानं नजर हलवली नाही. मैदा फुगला, बसला, कडा तांबूस झाल्या. त्यानं फावडं घालून पत्रा ओढला.

वाटीच्या तळाशी दोन लवंगा होत्या. तोंडाला तोंड लावून.

ही खूण अजून कुणाला माहीत व्हायची होती. आदल्या दिवशी संध्याकाळी लग्नाच्या नानकटाईचा पहिला पत्रा घातला तेव्हा शकिलानं ती हसत हसत ठरवली होती. "सासरी ही माझी खूण," ती म्हणाली होती.

"अब्बा?" शकिला हात पुसत बाहेर आली. "झाली का?"

"आत जा," तो म्हणाला.

"काय निघालं?"

"काही न्हाई. आत जा म्हनतो ना."

त्याचा आवाज ऐकून ती निमूट आत गेली.

मनकर्णा आषाढात गेली. साळूबाई आज पहाटे. पुढचा हिशेब शाळेत न गेलेल्या माणसालाही करता येत होता.

त्यानं ही वाटी फोडली नाही. मनकर्णेची फोडून काय झालं होतं? तापलेल्या वाटीत बोटं घालून त्यानं एक लवंग उपटली, मग दुसरी. बोटं पोळली, तो ओठ दाबून उभा राहिला. दोन भोकं पडली होती ती त्यानं कच्च्या मैद्यानं बुजवली. मग वर थोडा आणखी मैदा थापला आणि त्यावर आपला उजवा अंगठा दाबला. जमिनीच्या कागदावर दाबतात तसा, नीट, रेघा उमटेपर्यंत.

बेकरीवाल्याला स्वतःची खूण कधी लागली नव्हती. आज लागली.

त्यानं पत्रा पुन्हा आत सारला. या वेळी त्याचे ओठ हलत होते. भिंतीपलीकडं बसलेल्या बायकांना वाटलं, म्हातारा नमाज पुटपुटतोय. तो शिव्या घालत होता. कुणाला, ते सांगता येणार नाही. पण जे कुणी खुणा बघत होतं त्यानं ही नीट बघावी, एवढीच त्याची मागणी होती.

वाटी बाहेर आली. तळाशी अंगठा होता. दुसरं काही नव्हतं.

लालमहंमद पायरीवर बसला. छाती हलकी झाली होती.

चारला शकिलानं वाट्यांत चॉकलेट ओतलं. ते गोठत आलं तसा तिनं कागदाचा कोन करून साखरेचा पांढरा धागा सोडायला सुरुवात केली. एकात एक वर्तुळं, मग सुईच्या टोकानं मधून बाहेर ओढलेल्या रेषा. बाराही जाळी वेगवेगळी. ती वाकून काम करत होती आणि लालमहंमद दारातून तिच्याकडं पाहत होता. तिचा रंग, तिचा श्वास, कपाळावर आलेला घाम. पोर ठणठणीत होती. त्यानं दोनदा उगाचच तिला हाक मारून बघितलं, आणि दुसऱ्यांदा तीच वैतागली.

पाचला जीप आली. मॅडमनी टार्ट पाहून दोन्ही हात गालांवर ठेवले. मग त्यांनी मोजले.

"अकरा?"

"अकराच झालं, मॅडम."

"तो आहे ना." त्यांनी फळीवरच्या बाराव्याकडं बोट केलं.

"त्यो माझा हाय."

"पण बारा खुर्च्या. बारा माणसं."

"मग एका मानसाला नानकटाई द्या," लालमहंमद म्हणाला, आणि खरोखरच एक नानकटाई कागदात बांधून त्यानं खोक्यात ठेवली. मॅडम इंग्रजीत बराच वेळ बोलत होत्या. तो खोक्याला सुतळी बांधत राहिला. जीपची धूळ खाली बसेपर्यंत अजीजही घरी गेला होता आणि उरलेल्या बायका आपापले पत्रे घेऊन गेल्या होत्या.

सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. बापलेकीनं भट्टीसमोर चटई टाकून खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं. लालमहंमदनं फळीवरचा टार्ट उतरवला.

"मला अर्धा द्या की," शकिला म्हणाली. "दिवसभर नुसता वास घेतलाय."

"न्हाई."

"एवढा कसला हावरेपना, अब्बा?"

"उद्या तुला दुसरा करून देतो. ह्याला हात लावायचा न्हाई."

ती रुसून बसली. त्यानं तिच्या रुसव्याकडं पाहत टार्ट सगळा खाल्ला. कडेचा चुराही तळहातावरून चाटला. ज्याची खूण त्यानं आपला माल उचलायचा, मागं काही ठेवायचं नाही.

"कसा झालाय?" तिला राहवलं नाही.

"लई ग्वाड," तो म्हणाला. जिभेला कसलीच चव लागली नव्हती. "शकिला, भट्टी निवली का गं?"

"न्हाई तर. निखारे आहेत की."

"दोन लाकडं टाक. गार वाटतंय."

ती उठली आणि तिनं लाकडं टाकली. जाळ उसळला. ऑक्टोबरची हीट होती. तिची ओढणी पाठीला चिकटली होती आणि हनुवटीवरून घाम टपकत होता. लालमहंमद चटईसकट पुढं सरकला, इतका की त्याच्या दाढीचे केस आखडायला लागले.

"आता बरं वाटतंय?" तिनं तोंड पुसत विचारलं.

"आनखी टाक," लालमहंमद म्हणाला, आणि त्या जाळासमोर त्याच्या तोंडातून पौषातल्या पहाटेसारखी वाफ निघाली.