नऊ दिवसांचं कारण

"इथे सोलकढी मिळते का हो?"

शमिकाच्या हातातली काचेची कांडी बीकरमध्येच थांबली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजवर कुणी असं काही विचारलं नव्हतं. तिने वळून पाहिलं. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. खांद्यावर केबलचं वेटोळं, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली.

"मिळते," ती म्हणाली. "पण प्यायल्यावर काय होईल त्याची हमी नाही."

"म्हणजे आमच्या पुण्यातल्या मेससारखंच." तो हसला. "माफ करा हं. सर्व्हरची खोली शोधत होतो, कोकमाच्या वासाने इकडे आलो. मी सर्वेश. आयटी विभागात कालच रुजू झालोय."

तिने ड्रॉपरने धुण्याच्या सोड्याचं पाणी उचललं आणि कोकमाच्या लालभडक पाण्यात थेंब थेंब सोडत गेली. लाल रंग विटला, मग जांभळट झाला... आणि शेवटी निळसर-हिरवट. सर्वेश आत येऊन कधी टेबलाशी उभा राहिला, ते त्यालाही कळलं नसावं.

"आता ह्याचा पीएच किती?"

"डोळ्यांनी ठरवायचा. तिथेच तर सगळं अडतंय. चाळीस मुलांना चाळीस रंग दिसतात. एक म्हणतं हिरवा, दुसरं म्हणतं निळा, तिसरं म्हणतं 'बाई, आमच्या घराच्या भिंतीसारखा'."

"मोबाईलच्या कॅमेऱ्याला एकच दिसेल," तो हळूच म्हणाला.

दत्तजयंतीच्या आसपासची ही गोष्ट. सर्व्हरची खोली त्या दिवशी त्याला सापडलीच नाही.

शमिका रत्नागिरीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची आणि शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती. गावातल्या मुलांना आम्ल आणि आम्लारी घरच्या वस्तूंतून शिकवलं तर खरंच जास्त कळतं का, हा तिचा प्रश्न. सर्वेशने पंधरा दिवसांत त्यासाठी एक ॲप करून दिलं. मुलाने आधी रंगावरून अंदाज करायचा, मग फोटो काढायचा. ॲप पीएच सांगणार आणि वर विचारणार, 'तुझा अंदाज का चुकला असेल?'

"उत्तर सांगून गप्प नाही बसत तुमचं ॲप," शमिका म्हणाली.

"तुमच्याकडूनच शिकलंय. दर वाक्याला का, का, का."

दोन शाळा ठरल्या. पावसजवळची शाळा हा प्रायोगिक गट, तिथे ॲप आणि कोकम. लांज्याजवळची शाळा हा नियंत्रित गट, तिथे नेहमीसारखं पुस्तक आणि फळा. जानेवारीत दोन्हीकडे पूर्वचाचणी, मार्चअखेर उत्तरचाचणी. मधल्या काळात लांज्याच्या मुलांना ॲपचा वारासुद्धा लागता कामा नये. त्या दोन चाचण्यांमधल्या फरकावर तिची तीन वर्षं उभी होती.

पावसच्या एसटीत दोघं शेजारी बसायचे, मधल्या जागेवर बाटल्यांची पिशवी. रोज एक वाजून दहा मिनिटांनी शमिका हातातलं काम टाकून बाहेर जायची आणि घरी फोन लावायची. ईशा, तिची पाच वर्षांची मुलगी, त्या वेळी बालवाडीतून परत यायची. पोहोचली का, अंग गरम नाही ना, जेवली का... हे ऐकल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडायचा नाही. लोक हसायचे. सर्वेशने ह्याबद्दल कधी काही विचारलं नाही. एकदा मात्र मुख्याध्यापक लांबलचक बोलत असताना त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, एक वाजून दहा झालेत. मॅडमना एक फोन करायचाय." तेव्हापासून रोज तोच आठवण करू लागला.

एकदा परतीच्या एसटीत भाट्याच्या पुलावर तिने त्याला सांगितलं. खाडीच्या पाण्यावर ऊन पसरलेलं होतं, आणि ती खिडकीकडे बघत बोलत होती.

"ईशाचे बाबा... विनीत... त्याच्या छातीत तीन महिने दुखत होतं. मला बोलला नाही. गेल्यावर त्याच्या स्कूटरची डिकी उघडली, तर आम्लपित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंच पाकिटं. त्याच्या मित्राला म्हणाला होता म्हणे, शमिकाला उगाच काळजी नको. मी रसायनशास्त्र शिकवते हो. ती पाकिटं एकदा तरी माझ्या हाती लागली असती, तर..."

 सर्वेशने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. पण सरकला नाही. तसाच बसून राहिला, आणि ती रिकामी जागा दोघांच्या मधे राहिली.

मार्चमध्ये शिमग्याला तो चार दिवस गावी गेला. परत आला तो गुलालाने लाल झालेले कान आणि ईशासाठी लाकडी बैलगाडी घेऊन, थेट शमिकाच्या घरी. ईशाने गाडीत लगेच तिची बाहुली बसवली आणि विचारलं, "काका, तुम्ही आमच्याकडे जेवायला का नाही येत?"

"बोलावलं नाही ना कुणी."

"मी बोलावलं की आत्ता!"

शमिका स्वयंपाकघरात वळली. मागून सासूबाईंचं खुदखुदणं तिला ऐकू आलं. दमयंतीबाईंनी विनीत गेल्यापासून सुनेला लेकीसारखं धरून ठेवलं होतं, पण त्या खुदखुदायच्या क्वचित.

मग उत्तरचाचणी झाली. शमिकाने पेपर तपासले, आकडे मांडले. परत मांडले. पावसच्या मुलांचे गुण वाढले होते, पण लांज्याच्या मुलांचेही जवळजवळ तेवढेच वाढले होते. फळा आणि पुस्तक, बस्स. तिच्या कोकमाने आणि त्याच्या ॲपने काडीचा फरक पडलेला नव्हता.

"तीन वर्षं," ती संगणकासमोर बसून म्हणाली. "ईशा लहान असताना तिला सासूबाईंवर टाकून मी गावोगाव हिंडले. कशासाठी, तर मी चुकीची होते हे सिद्ध करायला."

सर्वेशने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं... आणि चहा आणतो म्हणून बाहेर गेला.

त्यानंतर तो गप्पगप्प असायचा. शमिकाने निष्कर्षाचं प्रकरण लिहायला घेतलं. 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.' एवढं एकच वाक्य, पण ते पुरं व्हायला तिला चार दिवस लागले.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "भाट्याला याल का, सुरूच्या बनात? ईशालाही आणा. एक सांगायचंय... बऱ्याच दिवसांचं."

फोन ठेवल्यावर ती उगीच कपड्यांच्या घड्या घालत बसली. सासूबाईंनी तिच्या हातातली साडी काढून घेतली.

"जा गो. आणि तो काय विचारणार असेल, तर लगेच नाय म्हणून मोकळी होऊ नको. माझा मुलगा गेला म्हणून तू पण जायचं असतं, असं कुठे लिहिलंय?"

सुरूच्या झाडांखाली वाळू गार होती. ईशा बैलगाडीत शिंपले भरत होती. शमिकाने तिची आवडती अबोली रंगाची साडी नेसली होती, आणि आता त्याचीच तिला लाज वाटत होती. सर्वेश वाळूत काडीने रेघा ओढत बसला होता.

"शमिका," तो म्हणाला. मॅडम नाही, नुसतं शमिका. "लांज्याच्या शाळेत ॲप पोचलंय. मी दिलं."

रेघांवरून तिची नजर त्याच्याकडे वळली.

"काय?"

"माझी भाची, भाविका, त्याच शाळेत आठवीला आहे. शिमग्याला ताई तिला घेऊन आली होती. अंगणात पालखी आलेली, सगळी नाचवायला गेली, आणि ही माझ्या मोबाईलला चिकटून. म्हणाली, 'मामा, पावसच्या पोरांना देतोस नि सख्ख्या भाचीला नाय?' मी म्हटलं, एकट्या पोरीने काय होतंय. घातलं तिच्या फोनात. कुणाला दाखवणार नाही म्हणून तिने देवाची शप्पथ घेतली." त्याने मान खाली घातली. "आठ दिवसांत एकवीस मोबाईल. सर्व्हरवर नोंदी आहेत. घरोघरची आमसुलं संपवली कार्ट्यांनी. तुमची पद्धत फसली नाही. ती दोन्ही शाळांत चालली. चुकलो मी."

क्षणभर तिला नुसतं हलकं वाटलं. तीन वर्षं वाया गेली नव्हती! पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"चाचणीच्या दुसऱ्या दिवशी. नोंदी उघडल्या तेव्हा."

"म्हणजे नऊ दिवस. मी समोर बसून रडत होते, आणि तुम्हाला माहीत होतं. का नाही बोललात?"

"तुम्हाला... उगाच काळजी नको म्हणून..."

शब्द तोंडातून निघताच त्याला कळलं. पण शमिका उठली होती. तिने ईशाचा हात धरला, वाळूतले शिंपले तसेच टाकले, आणि सुरूच्या बनातून रस्त्याकडे चालू लागली. ईशा मागे वळून वळून पाहत होती. "आई, काका रडतायत."

शमिका थांबली नाही.

चार दिवस तिने त्याचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी तिच्या मार्गदर्शक राजश्री मॅडमनी तिला बोलावून घेतलं. करड्या केसांची, कमी बोलणारी बाई. समोर दोन पानी पत्र होतं.

"सर्वेश लेखी देऊन गेलाय. सगळ्या नोंदी जोडल्यात. तारीख, वेळ, मोबाईल. शोधनिबंधातून स्वतःचं नाव काढायला सांगतोय." त्यांनी चष्मा काढला. "नवा नियंत्रित गट घे, जूनमध्ये परत चाचण्या कर. वाढीव मुदतीवर मी सही करते. आणि लांज्याच्या शाळेचंही लिही हं. ॲप आठ दिवसांत एकवीस घरांत पोचलं, हासुद्धा निष्कर्षच आहे. हे पत्र परिशिष्टात जाईल. पण शेवटचा परिच्छेद मला कुठल्याच प्रकरणात बसवता येत नाही. तो तुझा तू बघ."

शमिकाने पत्र जिन्यात उभं राहून वाचलं.

'ही बाब मी नऊ दिवस सांगितली नाही. ह्या नऊ दिवसांचं कारण शास्त्रीय नाही. सांगितलं तर शमिका मॅडम माझ्याशी बोलणं बंद करतील, अशी मला भीती वाटली. त्यांना काळजी नको म्हणून गप्प राहिलो, असं मी त्यांना तोंडी सांगितलं, ते खरं नव्हतं. काळजी मला माझीच होती. त्यांच्याशिवाय माझा दिवस कसा जाईल, ह्याची. हे लिहून ठेवणं मला आवश्यक वाटतं.'

खाली सही. दिनांक सोमवारचा, भाट्याच्या दुसऱ्याच दिवसाचा.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. येणारी-जाणारी मुलं बाजूने वळसा घालून जात होती. तीन वर्षं ती एका माणसावर मनातल्या मनात रागावत आली होती. मला का नाही सांगितलंस? मी इतकी कमकुवत वाटले का तुला? आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं... विनीतसुद्धा घाबरलाच असेल. माझी नाही, स्वतःचीच काळजी असेल त्याला. डॉक्टर काय सांगेल ह्याची. ईशाला सोडून जावं लागेल ह्याची. एकटाच, डिकीत पाकिटं लपवत, किती घाबरला असेल. त्याला हे लिहून ठेवायला कुणी कागद दिला नाही, इतकंच.

ती बऱ्याच वेळाने उठली. तोंड धुतलं, आणि संगणक कक्षात गेली.

सर्वेश एकटाच होता. तिला पाहून तो खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला. तिने पत्र टेबलावर ठेवलं. बोलायला तोंड उघडलं, पण त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात वर केला.

"एक वाजून दहा," तो म्हणाला. "आधी फोन करा."

तिने फोन लावला. ईशा पोहोचली होती, अंग गार होतं, वरणभात जेवत होती. फोन ठेवताना शमिकाला आपले डोळे पुन्हा भरलेले जाणवले, आणि ह्या वेळी तिने ते पुसले नाहीत.

"एक अट आहे," ती म्हणाली. "जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं. पोट दुखलं, नोंद चुकली, माझा राग आला... काहीही. मला काळजी करू द्यायची. ती माझी मला जमते."

"मंजूर."

"आजचं काय आहे?"

तो विचारात पडला. "सकाळपासून काही खाल्लं नाही. आणि... ती अबोली साडी मी पाहिली होती. त्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं."

ती खाली मान घालून हसली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. मग तिने पिशवीतून वही काढली आणि पेन उघडलं.

"जूनसाठी नवी शाळा शोधायचीय. पण आधी मला तुमच्या सगळ्या नातेवाइकांची माहिती हवी. सावर्ड्यात कोण?"

"मावशी. तिची नात सातवीत."

"सावर्डे बाद. चिपळुणात?"

"आत्या. दोन आत्या."

"अहो, माणूस आहात की ग्रामपंचायत? लांजं तर आधीच गेलं. आणि रत्नागिरीत?"

सर्वेशने चष्मा काढून शर्टाला पुसला. चिकटपट्टीची काडी हलकेच हातात फिरवली.

"रत्नागिरीत... माझं अजून कुणी नाही."

शमिकाने वहीत 'रत्नागिरी' असा शब्द लिहिला. पुढे पेन जरासं थांबलं. मग तिने त्यावर सावकाश काट मारली.

"रत्नागिरीही बाद," ती म्हणाली. "चला, डब्यात भाकरी आहे. दोघांना पुरेल."