डंकनने काय धरलं होतं

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होतो, आणि त्या दिवशी बिअरचा थेंबही घेतला नव्हता. पबवाल्याच्या भावाने असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

इंग्लंडात, हॅलिफॅक्सजवळ, कालव्याच्या काठावर, माझ्या थोरल्या भावाचा पब आहे. डंकन त्याचं नाव. पूर्वी ती लोकरीची वखार होती. तळघरापासून माळ्यापर्यंत प्रत्येक मजल्याला एकाखाली एक चौकोनी भोक आहे. त्यातून दोराने गठ्ठे वर ओढायचे. दोर केव्हाच काढून टाकलेला. भोकांवर नुसती लाकडी झाकणं.

नोव्हेंबरातला रविवार होता. दुपारची गिऱ्हाइकं नुकतीच गेली होती. डंकनला ती भोकं कायमची बुजवायची होती, म्हणून सगळी झाकणं उघडून तो माळ्यावर मापं घेत होता. मी तळघरात नव्या पिंपाला तोटी ठोकत होतो.

वरून त्याचा आवाज आला.

"हो, धरलंय."

मला वाटलं, आयरीनवहिनीशी बोलतोय.

थोड्या वेळाने...

"नॉर्मन, आता पुढे काय करू?"

मी विचारलं, कशाचं पुढे काय?

"तूच ओरडलास ना खालून, धर म्हणून?"

मी ओरडलो नव्हतो.

भोकाखाली जाऊन वर पाहिलं. डंकन अगदी कडेला उभा होता. हात पुढे, दोन्ही मुठी आवळलेल्या.

मुठींत काहीच नव्हतं.

आणि तो पुढे पुढे सरकत होता...

मी जिने चढत पळालो. वहिनी आधीच पोचली होती. त्याच्या कमरेला मिठी मारून मागे खेचत होती. तरी त्याच्या टाचा फळ्यांवरून घसरत होत्या. मुठींतून रक्त ठिबकत होतं.

"डंकन, सोड ते."

"सोडलं तर पडेल ना तो."

"कोण?"

त्याने खाली पाहिलं. मीही पाहिलं. सगळे मजले मोकळे. पार तळाशी तळघरातला दिवा.

वहिनी म्हणाली, "नॉर्मन, मला आता आवरत नाहीये."

मी त्याचं एकेक बोट उलगडलं. शेवटचं सुटलं, तसे आम्ही तिघेही मागे कोसळलो.

मग वाट पाहिली... धप्प आवाजाची.

काहीच पडलं नाही.

कालव्यावरची बदकंसुद्धा गप्प होती.

डॉक्टर म्हणाले, दोर हातातून सर्रकन सरकला की तळव्यांवर असे वळ उठतात. कुठला दोर, ते आम्हाला सांगता येईना.

भोकं बुजवली. पब अजून चालू आहे. पण डंकन ग्लास भरता भरता मध्येच थांबतो. मान तिरकी करतो. फेस ओघळून जातो, गिऱ्हाइकं त्याची टर उडवतात.

मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो,

"पडला का रे?"

मी नाही म्हणतो.

आणि पिंप संपलं की तळघरात, त्या बुजवलेल्या भोकाच्या बरोबर खाली, मलाच उतरावं लागतं...