विठूची आखणी

मी मुंबईला गेलो होतो ते कुंचले आणायला. आमचा पेणला गणपतीचा कारखाना. डोळे आखायला खारीच्या केसांचा बारीक कुंचला लागतो आणि शहाण्णव साली तो इकडे धड मिळत नव्हता. घरात मी एवढंच सांगितलं. मनात दुसरंच होतं. माझा धाकटा भाऊ विठू चार वर्षांपूर्वी रागावून मुंबईला गेला तो गेलाच. त्याची बायको सगुणा रोह्याजवळ अष्टमी गावी माहेरी बसून होती. शिमग्याला गेलो तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, काय ते खरं सांगा मला. हाय का नाय. कुंकू ठेवू का पुसू, रोज लोक इचारतात."

विठूचा राग माझ्यावर होता. लपवण्यात काय अर्थ आहे? आमच्यात रीत आहे, मूर्तीचा पहिला डोळा ज्याने आखला त्यानेच दुसरा आखायचा. मध्ये परका हात लागला की नजर फुटते. विठूसारखी आखणी अख्ख्या पेणमध्ये कुणाची नव्हती. बुबुळावर केसाएवढी एक रेघ तो जादा ओढायचा आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची. त्या वर्षी एका मोठ्या मूर्तीचा एक डोळा झाला आणि अष्टमीहून निरोप आला, माहेरी गेलेली सगुणा तापाने फणफणलीय. "दादा, हात लावू नको. उद्या येतो," म्हणून तो पळाला. इकडे दारात टेम्पो उभा, मंडळाची पोरं डोक्यावर बसलेली. दुसरा डोळा मी आखला. घाईत माणसाची अक्कल गहाण पडते. परत आल्यावर विठू ओरडला नाही. "माझा हात कापलास तू," एवढंच बोलला आणि पिशवी घेऊन स्टँडवर गेला.

तर, फोर्टात कुंचले घेतले आणि एका बोळात वळलो. मोठ्या रस्त्यावर कान किटलेले, आणि इथे दहा पावलांवर शहर एकदम गप्प. एका दुकानात नुसते कागदाचे दिवे. एकात कापडावर छापायचे लाकडी ठसे. एक माणूस वह्यांना चामड्याची कव्हरं शिवत बसलेला, गिऱ्हाईक आलं काय, गेलं काय. मला भारी वाटलं. आमच्याकडे सुबक वस्तू केली की तिची वाजतगाजत मिरवणूक निघते. अशी कोपऱ्यात शांत बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

बोळाच्या टोकाच्या दुकानात काचेमागे मातीच्या बाहुल्या होत्या, वीतभर उंचीच्या. मी सहज बघितलं आणि पाय जमिनीला चिकटले. प्रत्येकीच्या बुबुळावर ती रेघ होती.

दुकानदार म्हातारे होते, दाजी नाव. मी आत जाऊन एक बाहुली उचलली आणि विचारलं, "डोळे कोण आखतं?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "विठूचे कोण तुम्ही?"

"थोरला भाऊ. कुठाय तो?"

"इथेच माळ्यावर झोपायचा. पहिल्याच पावसाळ्यात कावीळ झाली. गाव विचारलं तर तोंड फिरवायचा... शेवटी मीच अग्नी दिला."

मी खाली बसलो. हातात एक बाहुली होती, ती तशीच राहिली. थोड्या वेळाने बघतो तर अंगठ्याला काळा रंग लागलेला.

"दाजी... हा रंग ओला आहे."

"असणारच, तो कधी पुरता वाळतच नाही," ते हळू म्हणाले. "एक ते दोन मी जेवायला जातो. कोऱ्या बाहुल्या आतल्या फळीवर ठेवतो. आलो की... आखलेल्या असतात."

"तुम्ही कधी थांबून बघितलं नाही?"

"काम करणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहू नये."

मी म्हटलं, आज मी थांबतो. त्यांनी बाहेरून शटर ओढलं. आत अंधार, शटरखालून उन्हाची एक चीर. ओल्या शाडूचा, डिंकाचा आणि काजळीचा वास. आमच्या कारखान्याचा वास. मी फळीकडे पाठ करून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग मागे एक बारीक ओला आवाज झाला. विठू कुंचल्याचं टोक ओठांत धरून काढायचा, तो आवाज. पुन्हा झाला, या वेळी जवळ. मी डोळे घट्ट मिटले.

"विठू... चुकलं रे माझं."

आवाज थांबला.

"घरी चल... सगुणा विचारते..."

गालावर गार श्वास आला. पापण्यांवरून काहीतरी ओलं फिरत गेलं. मला वाटलं आसवं. मी लहान पोरासारखा हुंदके देत रडलो.

दोन वाजता शटर उघडलं. फळीवरच्या सगळ्या बाहुल्या कोऱ्याच होत्या. दाजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात जोडले.

एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं आणि नजर वळवली. पेणला उतरलो नाही. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, मी मनात "नाय" हा एकच शब्द घोटत होतो. बाईमाणसाला असं सांगायचं तरी कसं? अष्टमीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगुणा कंदील घेऊन ओटीवर आली.

"सगुणा... नाय गो. विठू नाय."

तिने कंदील माझ्या तोंडाशी धरला. किती तरी वेळ बघत राहिली. कधी नव्हे ते जवळ आली.

"भावजी, डोळं मिटा."

मी मिटले. तिचं बोट माझ्या पापणीवरून फिरलं.

"ह्यो त्यांचाच हात हाय," ती म्हणाली. "आन् ओला हाय अजून..."

डोळे उघडले तर तिच्या बोटाला काळं लागलं होतं. ते तिने स्वतःच्या दोन्ही डोळ्यांना लावलं, हळूहळू, नवी नवरी लावते तसं. "मंग कुंकू पुसू कशाला?" म्हणाली आणि हसली. चार वर्षांत पहिल्यांदा हसली. मला ते बघवेना. मी खांबाला धरून उभा राहिलो.

माझ्या डोळ्यांचं काळं दुसऱ्या दिवशी तोंड धुताना निघून गेलं. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. सगुणाची आई मला बघितलं की एकच गाऱ्हाणं सांगते. रोज सकाळी पोरीच्या उशीवर ओले काळे डाग असतात, आणि काजळाची डबी तर त्या घरात कुणी आणलेलीच नाही.