पुराचा दगड

"फौजदारबाई, पूर उतरलाय!"

सकाळी आठला ठाण्यातला फोन खणखणला आणि पलीकडून ओटिलिए रेन्झ ओरडल्या. वय एक्क्याऐंशी.

"कुठला पूर, रेन्झबाई?"

"सतराशे चौऱ्याऐंशीचा!"

इर्मेला ब्रोखने कॉफीचा मग खाली ठेवला. क्लेटेनाउच्या दोन माणसांच्या ठाण्यात तिला सहा वर्षं झाली होती. शेजाऱ्याने रविवारची सक्तीची शांतता मोडून यंत्राने गवत कापलं, यापलीकडे इथे गुन्हा घडत नसे. ती टोपी घालून निघाली.

आमच्या नगरपालिकेच्या कोपऱ्यावर त्या महापुराची रेघ कोरलेला दगड आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर हातात खाऊचा उंच कागदी शंकू घेऊन तिथे येतं, बाप त्याला खांद्यावर घेतो, पोर रेघेला हात लावतं आणि फोटो निघतो. घरोघरी तो फोटो भिंतीवर असतो.

ओटिलिएबाई दगडापाशीच उभ्या होत्या. त्यांनी पणतीचा कालचा फोटो पुढे केला. सहा वर्षांची येटे जमिनीवर उभी होती. हात वर करून तिने रेघेला बोट लावलं होतं.

"'मी एकटीच पोचले' म्हणून नाचतेय पोरगी," ओटिलिएबाई म्हणाल्या. "या गावात बापाच्या खांद्याशिवाय कधी कोणी पोचलंय का?"

काल एकवीस पोरांचे फोटो निघाले होते. बेचाळीस आईबाप तिथे हजर होते. एकालाही काही खटकलं नाही. समोर हत्ती उभा असला तरी नगरपालिकेच्या कागदावर नोंद नसेल तर आमच्या लोकांना तो दिसत नाही.

"आणि आज पाचला बालवाडीच्या ठरावावर मतदान आहे," ओटिलिएबाई म्हणाल्या. "येटेचा धाकटा भाऊ त्याच बालवाडीत जायचाय."

नदीकाठच्या कुरणात साठ पोरांची बालवाडी होणार होती. कुरण आणि दगडासमोरचा चौक एकाच पातळीवर. बालवाडीची फरशी दीड मीटर उंच धरली होती, म्हणजे पुराच्या रेघेच्या दहा सेंटीमीटर वर. सगळा हिशोब या दगडावर.

इर्मेलाने फीत लावली. रेघ एकशे चाळीस सेंटीमीटरवर होती. शेजारी भिंतीत गावचा जुना लोखंडी गज ठोकलेला होता. पूर्वी बाजारात कापड त्यावर मोजत. तिने तोही मोजला. चौऱ्याऐंशी.

गवंडी एगोन फाफ अंगणात वाळू चाळत होता.

"दगड तूच काढलास?"

"हो. दोन वर्षांपूर्वी, भिंत दुरुस्त करताना."

"काढताना उंची मोजलीस?"

"कशाला? कागद येणार होता."

"आला?"

"आला की. एकशे चाळीस. टाइप केलेलं, खाली शिक्का."

"आधी दगड बराच वर होता, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण शिक्का होता, बाई."

इर्मेला नगराध्यक्षांकडे गेली. फोल्कमार श्टुबनर फीत कापायच्या कात्रीला धार लावून बसले असावेत, इतके ते त्या बालवाडीसाठी उतावीळ होते.

"दगड बसवून दोन वर्षं झाली, मग कोणाला दिसलं कसं नाही?"

"परांची होती. ठेकेदाराला ती काढायला या वर्षीचा जुलै उजाडला. मधे तिथे फोटोही निघाले नाहीत."

"आणि कुरणाची कल्पना कधीची?"

"या मार्चमधली. माझीच!"

"शिक्का कुठे असतो?"

"बाहेरच्या टेबलावर. शिपाई, ठेकेदार, इतिहास मंडळवाले, सगळे मारतात. काम अडता कामा नये."

इतिहास मंडळ म्हणजे डॉक्टर लोथार क्वास्ट. निवृत्त मुख्याध्यापक, गावच्या इतिहासाचे एकमेव जाणकार, निदान त्यांच्या मते. तीन वर्षांपूर्वी त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं, घरोघरी गेलं, कोणी वाचलं नाही.

"पान एकशे बारा," त्यांनी न बघता सांगितलं. "'पाणी अडीच गज चढलं, म्हणजे एकशे चाळीस सेंटीमीटर.' दगडही तेच सांगतो. पोलिसांना वाचनाची सवय नसते, म्हणून प्रत भेट देतो."

इर्मेलाने आभार मानून प्रत घेतली.

पाच वाजता सभागृहात अकरा नगरसेवक हात वर करायला बसले होते. इर्मेला उठली.

"आधी दगड कोणी खाली आणला ते ऐका. नगराध्यक्षांवर माझा संशय होता. पण दगड हलला तेव्हा कुरणाची कल्पना त्यांच्या डोक्यातही नव्हती. गवंड्याने मोजलंच नाही. मग एकशे चाळीस हा आकडा आला कुठून? तो जगात एकाच ठिकाणी होता. पान एकशे बारा."

"कारण तो बरोबर आहे!" क्वास्ट म्हणाले.

"अडीच गज बरोबर आहेत, डॉक्टरसाहेब. पण तुम्ही शेजारच्या संस्थानाचा गज धरलात, छप्पन्नचा. आपला गज त्याच भिंतीत आहे, चौऱ्याऐंशीचा. अडीच गज म्हणजे दोनशे दहा. भिंत दुरुस्तीला निघाली तेव्हा तुम्हाला चूक कळली. पुस्तक तर वाटून झालं होतं. मग तुम्ही कागद टाइप केलात, शिक्का मारलात आणि दगडच पुस्तकाबरहुकूम बसवून घेतलात."

"पुरावा?"

"तुमच्याच पुस्तकाचं पहिलं पान." तिने ते उघडून धरलं. शंकू सांभाळणारा सहा वर्षांचा लोथार बापाच्या खांद्यावर बसला होता आणि डोक्याच्या वर हात नेऊन रेघेला लावत होता. "तुमचे वडील एवढे बुटके होते का?"

क्वास्ट खाली बसले. "नऊशे प्रती छापल्या होत्या," ते पुटपुटले. "लोक हसले असते."

"त्या फरशीवर साठ सेंटीमीटर पाणी चढलं असतं," इर्मेला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तीन वर्षांच्या पोराच्या छातीपर्यंत. तेव्हा कोण हसलं असतं?"

कुरणाचा ठराव अकरा विरुद्ध शून्याने पडला. जिना उतरताना अकराही जण एकमेकांना सांगत होते की मला पहिल्यापासूनच शंका होती.

आठवड्याने दगड जागेवर गेला. येटेचा फोटो पुन्हा काढायचा ठरला. ती भिंतीशी उभी राहिली, टाचा उंचावल्या, उडी मारली आणि फुरंगटली.

"आता नाही पोचत!"

"तेच बरं आहे, बाळा," ओटिलिएबाई म्हणाल्या आणि बापाला खाली वाकायला सांगितलं.