पोपटाचा नारिंगी मोसम

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण नागपूरच्या मनीषनगरात एकदा एका ओल्या टॉवेलाने दोन माणसांची गाठ घालून दिली.

डिसेंबरातली दुपार होती. थंडी अशी, की सावलीत उभ्या माणसाची सावलीसुद्धा हळूच उन्हात सरकून बसायची. विहंग बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला. रंगाच्या प्रयोगशाळेत बसून कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो की नाही ते पाहायचं, हा त्याचा उद्योग. रात्रपाळी करून तो गोधडीत शिरला होता, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला — फटाक्!

तो डोळे चोळत बाहेर गेला आणि जागीच थिजला. दोरीवर त्याचा नारिंगी टॉवेल वाळत होता. त्याच्यासमोर दीड-दोन हात लांबीचं एक जनावर तोंड वासून उभं. पाठीवर करवतीसारखे काटे, गळ्याखाली पंख्यासारखी ताणलेली कातडी. जनावर रुबाबात मान वर-खाली हलवायचं आणि टॉवेलाला शेपटीचा फटका द्यायचं.

वरच्या मजल्यावरून एक आवाज आला, घाबरा आणि गोड.

"अहो… तुमच्याकडे माझा पोपट आला काय जी?"

"पोपट नाही आला. मगरीचं पिल्लू आलं आहे. माझ्या टॉवेलाशी भांडून राहिलं."

"मग तोच! हात नका लावू हं — चावते तो!"

जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि ती आलीच. अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटलेली. एका हातात जाड चादर, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. तिने चादर फेकली, जनावर गुंडाळून उचललं, आणि मग पहिल्यांदा विहंगकडे पाहिलं. विहंग डोक्याला माकडटोपी, पायात दोन रंगांचे मोजे अशा थाटात उभा होता. ती हसली नाही. पण न हसण्यासाठी तिला बरेच कष्ट पडले, हे त्याला दिसलं.

"इग्वाना आहे. परदेशी सरडा," ती म्हणाली. "सरकारात रीतसर नोंद केलेली आहे त्याची. शुद्ध शाकाहारी आहे."

"हो का? अन् तुमचा अंगठा?"

ती अंगठा मुठीत लपवून चादरीतल्या गाठोड्याकडे बघत राहिली.

तिचं नाव रितिका. फिजिओथेरपिस्ट होती, अर्ध्या मनीषनगरचे गुडघे तिच्या भरवशावर चालायचे. पोपट तळहातावर मावायचा तेव्हापासून तिने त्याला वाढवलेलं. पानासारखा हिरवागार, म्हणून नाव पोपट. टीव्ही पाहताना तो तिच्या खांद्यावर झोपायचा, जास्वंदीचं फूल तिच्या ओठांजवळून अलगद काढून खायचा. आणि आता थंडी सुरू झाल्यापासून… समोर गेलं की तोंड वासायचा, शेपूट मारायचा. शेवटी चावलाच.

"आईने सांगून टाकलं," रितिका म्हणाली. "कोराडीचे एकजण पक्षी पाळतात, ते याले ठेवून घेते म्हणतात. रविवारी नेतील. मले चावल्याचं दुःख नाही हो… पण तो माझ्याकडे असा पाहते, जसं मी त्याचं काही हिसकून घेतलं. काहून असं झालं, तेवढं तरी कळायले पाहिजे ना मले?"

आता कुठलाही शहाणा मुलगा इथे म्हणाला असता, 'काळजी करू नका.' विहंग म्हणाला, "याचा पावसाळ्यातला फोटो आहे काय?"

"आहे. काहून?"

त्याने तिचा मोबाईल उन्हात धरला आणि चादरीतून बाहेर आलेल्या पोपटाच्या पायाशेजारी नेला. एकदा फोटो पाहिला, एकदा पाय, परत फोटो.

"आम्ही कपडा असाच पाहतो. पहिला तुकडा अन् आजचा तुकडा, एकाच उजेडात, बाजूबाजूला. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याले फरक समजत नाही… तुमचा पोपट हिरवा राहिला नाही जी."

रितिका वाकली. पुढचे पाय, खांदे, पाठीवरचे काटे — सगळीकडे नारिंगी चढला होता. पिकत आलेल्या संत्र्यावर चढतो ना, तसा, हिरव्याला न विचारता.

"माय वं!" ती पुटपुटली. "मले कसं नाही दिसलं?"

"तुम्ही त्याचा चेहरा पाहून राहिल्या होत्या. मी फक्त रंग पाहिला."

हे बोलून विहंगचे स्वतःचेच कान लाल झाले. तो रंग मात्र रितिकाने बरोबर टिपला.

दोघं पोपटाला टोपलीत घालून धंतोलीच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. विहंग का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. टोपली धरायला कोणी तरी लागतंच, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी आधी पोपटाला नीट तपासलं. तोंड, जबडा, हाडं, पोट सगळं. "सरडा अचानक चिडला की पहिले दुखणं शोधायचं," त्या म्हणाल्या. "हा ठणठणीत आहे. तारुण्यात आला आहे, बस. दिवसाचा उजेड-ऊब बदलली की यांच्या नराच्या अंगात मोसम येतो. रंग चढतो, मान हलते, भूक कमी होते, अन् जगातला प्रत्येक जण दुश्मन वाटतो. दोन-तीन महिन्यांत उतरतो बहुतेक. घरात दुसरा नर आहे?"

"नाही."

"मग आरसा?"

रितिकाने ओठ चावला. "आईने ठेवला. तिले वाटलं एकटा आहे बिचारा, कंपनी होईल. म्हणून तिच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा त्याच्या पिंजऱ्यासमोर…"

"छान! म्हणजे दुश्मन घरातच ठेवला, तोही चोवीस तास. अजून काय?"

"कळमेश्वरहून मामाने संत्री पाठवली. पेटी त्याच्या शेजारीच आहे, तिथं त्याच्यासाठी लावलेल्या दिव्याची ऊब असते ना, लवकर पिकतील म्हणून…"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "पोरी, मोसमातला नर नारिंगी असतो. रंग पाहूनच काही काही खवळतात. हा तुझा त्यातलाच दिसतो. तू याच्याशेजारी पेटीभर दुश्मन मांडून ठेवलेस! चावला तेव्हा काय करत होतीस?"

"आरसा पुसून राहिली होती."

"मग तो तुला नाही चावला. त्याच्या लढाईत मधे आलेल्या हाताला चावला."

रितिका खिडकीकडे वळली आणि ओढणीने डोळे टिपत बसली. विहंगने टोपली धरून ठेवली होती, म्हणून त्याला दुसरं काही करता आलं नाही. फार वाईट वाटलं त्याला.

बाईंनी बजावलं — आरसा काढा, संत्री दुसऱ्या खोलीत, रोखून बघू नका, वरून हात घालू नका, जाड हातमोजे वापरा. "अन् नवीन माणूस घरात आणू नका. विशेषतः…" त्यांनी विहंगच्या नारिंगी स्वेटरकडे पाहिलं, "हे."

रितिकाची आई, कौसल्याबाई, ऐकून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सरड्याले म्हणे मोसम येते! उद्या कूलर रुसला म्हणशील." पण आरसा त्यांचाच होता, म्हणून जरा नरमल्या. "होळीपर्यंत पाहते वं. तोवर सुधरला तर ठीक, नाही तर कोराडी."

विहंगला घरात बंदी. म्हणून बातम्या जिन्यात व्हायच्या. तो पाळीवरून यायचा, ती निघायची. मधल्या पायरीवर दोघं थांबायचे.

"कसा आहे?"

"आज तुमच्या टॉवेलाले मिठी मारून झोपला." टॉवेल त्याने केव्हाच दान केला होता. भांडायचं तर टॉवेलाशी भांड, म्हणून.

"मी कधी कोणाले इतकी महागाची भेट दिली नव्हती," विहंग म्हणाला.

"फाटका होता तो."

"मनाने दिला ना पण."

कधी ती विचारायची, "कोराडीले गेला तर तिथे जास्वंद देतील का हो त्याले?" आणि उत्तर न ऐकताच खाली उतरायची. त्या दिवशी विहंगला कारखान्यात प्रत्येक रंग फिका दिसायचा. साहेबांनी एकदा विचारलंही, डोळे तपासून घेतो का म्हणून.

फेब्रुवारीत पोपट खायला लागला. मान हलवणं कमी झालं. विहंगचं मात्र वाढलं. ती काहीही बोलली की हा मान हलवायचा.

"तुम्ही सारखी मान काहून हलवून राहिले?"

"हो म्हणतो आहे."

"मी काही विचारलं कुठं?"

"विचाराल तेव्हा वेळ नको जायले…"

ती खळखळून हसली, आणि पुढच्याच क्षणी हसू थांबलं तिचं. दोन पायऱ्या वर चढून म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, मोसम उतरला की सगळं पहिल्यासारखं होते. जसं काही झालंच नाही… पोपटाचं ठीक आहे. पण माणसाचंही तसंच असते काय हो?"

विहंग कठड्याचा उडालेला रंग नखाने खरवडत राहिला. ती निघून गेली.

होळीच्या आदल्या दिवशी कौसल्याबाईंनी फर्मान काढलं, निकाल आज. विहंगला दारापाशी उभं राहायची परवानगी मिळाली, पांढरा शर्ट घालून. रितिकाने हातमोजे काढले.

"ते घाल वं!" आई ओरडली.

"नाही आई. याने मले ओळखलं पाहिजे."

ती पोपटाच्या बाजूला, जमिनीलगत बसली. उघड्या तळहातावर जास्वंदीचं फूल. पोपटाने डोळा फिरवला. अंगावरचा नारिंगी ओसरला होता, पण काट्यांवर थोडा उरला होता. त्याने जीभ बाहेर काढली… अंगठ्यावरच्या जुन्या खुणेला लावली. कौसल्याबाईंनी देवाचं नाव घेतलं. पोपटाने फूल उचललं, चावून चावून खाल्लं, आणि हातावरून चढत खांद्यावर जाऊन डोळे मिटले.

मग कौसल्याबाई नाक ओढत म्हणाल्या, "कोराडीवाल्याले फोन करून सांगते, नको येऊ म्हणा." आणि आत गेल्या.

खांद्यावर पोपट घेऊन रितिका दाराशी आली. नजर खाली.

"त्या दिवशी जिन्यात उत्तर नाही दिलं तुम्ही."

"शोधून राहिलो होतो," विहंग म्हणाला. "मले तुम्ही आवडता. डिसेंबरपासून. पण हे मी आज म्हणून काय उपयोग? नवा कपडा सगळ्यांचाच सुंदर दिसतो. आम्ही त्याले धुतो, घासतो, उजेडात टांगून ठेवतो. मग सांगतो रंग राहिला की गेला. नागपूरचं ऊन आता येतेच आहे. तुम्ही मे पाहा… मग ठरवा."

रितिकाने मान वर केली. "पूर्ण मे?"

"नवतपासकट. मे संपतासंपताचे ते नऊ भाजके दिवसही."

आणि मे आला. असा आला, की कावळे नळाच्या तोटीखाली नंबर लावून उभे, आणि डांबरी रस्त्यावर चप्पल विसरलेला माणूस चप्पल शोधायला नाही, वितळलेला रस्ता शोधायला परत यायचा. भर दुपारी बाहेर दिसायची ती फक्त मृगजळं. आणि विहंग! सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तो डोक्याला दुपट्टा बांधून, सायकलवर, सोमलवाड्याच्या एका बंगल्याच्या कुंपणावरून जास्वंदी मागून आणायचा. दार वाजवायचा, फुलं द्यायचा, आणि काहीही न विचारता खाली जायचा.

नवतपाच्या शेवटच्या दुपारीही तो आला. चेहरा भाजलेला, ओठ सुकलेले, हातातली फुलं ओल्या रुमालात. रितिकाने दार उघडलं आणि नुसतीच पाहत राहिली — आज याचा फोटो-बिटो काही जुळवायचा नव्हता तिला. तोही पाहत राहिला. दार सताड उघडं.

"विहंग…" ती म्हणाली. "दुखून राहिलं असेल ना रे अंग?"

"नाही."

"खोटं काहून बोलतो गा?"

तिने रुमालासकट त्याचा हात हातात घेतला. हात तापलेला होता; तिने सोडला नाही.

आतून कौसल्याबाईंचा आवाज आला —

"घ्यायचं तर आत घे वं त्याले एकदाचं! कूलरची सगळी हवा बाहेर चालली!"