कोरा बिल्ला

"ठेवा तो जागेवर… आधी ठेवा."

आवाज चढलेला नव्हता, तरी तो चटकन वळला. बंद पडलेल्या खाणीचं ते दिवेघर. कपाटात ओळीने जुने दिवे आणि भिंतीवरच्या फळीला टांगलेले पितळी बिल्ले. त्यातला एक त्याने सहज काढून पाहिला होता. एकशे बारा.

दारातली मुलगी आणखी काही बोलणार, तोच तिच्या मागून तिची आई आत आली. हातात रोजचं ओलं फडकं. नजर सवयीने एकशे बाराच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता.

"आले?" आईने विचारलं. "वर आले?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. मग आईला त्याच्या हातातला बिल्ला दिसला आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर लागलेलं काहीतरी विझलं.

"साहेब बघतायत होय… बघा, बघा." तिने बिल्ला त्याच्याकडून हळूच घेतला, पुसला, खिळ्याला अडकवला आणि गेली.

"खाली उतरताना बिल्ला इथे टांगायचा," मुलगी म्हणाली. "वर आलं की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ले जेवढे, माणसं खाली तेवढी. शेवटी पाणी भरलं तेव्हा अकरा राहिले. एकशे बारा माझे बाबा. मी सात वर्षांची होते. आई तो पुसल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही."

तो एका न्यासाकडून आला होता. जुन्या खाणींच्या आठवणी गावकरी स्वतः जपत असतील, तर न्यास त्यांना निधी देई. जागा पाहून, माणसांशी बोलून अहवाल लिहिणं हे त्याचं काम. इथला अर्ज या मुलीने लिहिला होता. दिवसा औषधाच्या दुकानात काम, उरलेल्या वेळात समितीची चिटणीस.

पुढच्या खेपेला तिने त्याच्यापुढे एक कोरा बिल्ला धरला.

"हा कशाला?"

"वरच्या कोरड्या बोगद्यात उतरायचंय ना? मग टांगा. साहेब असलात तरी नियम तो नियम."

"आणि काढायला विसरलो तर?"

"तर मामा शोधायला येईल. त्याचे गुडघे दुखतात, म्हणून जरा वेळ लागेल… दोनेक दिवस धरून चला."

मामाने चाळीस वर्षं याच खोलीत दिवे वाटले होते. कोपऱ्यातून मान वर न करता तो म्हणाला, "मला ओढू नका तुमच्यात."

दोघंही उगाच बिल्ल्यांकडे पाहू लागले.

मग खेपा वाढल्या. अहवालाला एवढ्या लागतात का, हे समितीत कोणी विचारलं नाही. एकदा तो म्हणाला, "अर्जात 'वारसा' हा शब्द चौदा वेळा आलाय."

"मोजलेत तुम्ही?"

"तुमचं अक्षर सुंदर आहे, म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. त्यापेक्षा आई रोज काय करतात, ते लिहा."

"ते अर्जात कुठे बसणार?"

"मी बसवतो की."

बोगद्यातून वर आला की तो बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवी. पितळ गार असायचं… बोटं नसायची.

शेवटच्या दिवशी बोगद्यातून वर येताच त्याने अहवालाचं शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. त्यावर छापील प्रश्न होता: अर्जदारांपैकी कोणाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे काय? उत्तर प्रकल्प संपेपर्यंत बंधनकारक. प्रकल्पाची मुदत पाच वर्षं.

"काय लिहू?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. म्हणून तर पेन उचलत नाही."

"'होय' लिहिलंत तर?"

"अर्ज पुढच्या वर्षावर जाईल. दुसरा कोणी येईल."

दिवेघर पाडण्याची नोटीस दारालाच चिकटवलेली होती. महिनाअखेरची; निधी मिळाला तरच टळणारी.

"फळी घरी नेता येईल ना," तो म्हणाला, "खिळ्यांसकट?"

"मामाही तेच म्हणाला होता. आई म्हणाली, ते वर आले तर आधी इथेच येतील. बिल्ला काढल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत."

त्याने पान पुन्हा आपल्याकडे ओढलं. "'नाही' लिहिलं, तर ते पाळावं लागेल. खोटी सही मला जमत नाही."

"माहीत आहे. जमत असती, तर मला एवढं जड गेलं नसतं." तिने पेन त्याच्या हातात दिलं. "'नाही' लिहा."

"सहीच्या आधी एक सांगू? नंतर सांगता येणार नाही." त्याचा आवाज खाली आला. "तू दिव्याच्या काचेवर श्वास सोडतेस, पुसतेस, मग आरपार बघतेस. दरवेळी वाटायचं… पलीकडे मी असावं."

"तुम्हीच असायचात," ती म्हणाली.

पेन कागदावर फिरलं. तो दाराकडे गेला, थबकला आणि पावसात उतरला. त्या दिवशी तळहातावर काही ठेवायचं राहून गेलं.

पंधरवड्याने मंजुरीचं पत्र आलं. मामाने ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि दाराची नोटीस नखाने खरवडून काढली. देखरेखीला दुसरे साहेब नेमले होते. आधीच्या साहेबाने लांबची बदली मागून घेतली होती.

दुसऱ्या सकाळी आईने एकशे बारा पुसला, पण हात तिथेच थांबला नाही. सगळ्यात खालच्या ओळीत एक बिल्ला होता. त्यावर आकडा नव्हता.

"हा कोणाचा गं? पंधरा दिवस बघतेय."

पुढे होऊन तो काढायला मुलीने हात उचलला.

"राहू दे," आई म्हणाली. "माणूस वर आल्याशिवाय काढत नाहीत."

मग आईने हातातल्या फडक्याचे दोन तुकडे केले आणि एक तिला दिला.