सगळीच घरटी तातडीची

कानोसा बोलला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा बोलला होता. तरी तो कोणालाच ऐकू आला नाही. असं कसं झालं, हे सुरंगीला कळेना.

कानोसा म्हणजे सुपारीएवढं यंत्र. समुद्रकासवांच्या प्रत्येक घरट्यात, अंड्यांच्या शेजारी, वाळूत एकेक पुरलेलं. वाळू किती तापली आणि पिल्लं वर आली का, हे दोन्ही निरोप ते बिनतारी लहरींनी तुरतुरला कळवायचं. तुरतुर हा यंत्रखेकडा. किनाऱ्यावरच्या कुंपणाकडेने तो दिवसभर फिरायचा आणि सुरंगीच्या घरी वर्दी द्यायचा. मग ती किंवा बाबा धावत येऊन घरट्यावरची टोपली उचलायचे आणि पिल्लांना समुद्राकडे सोडायचे.

त्या दिवशी वर्दी आलीच नाही. ढगाळ सकाळीला फसून पिल्लं वाळूतून वर आली, मग कडक ऊन पडलं आणि ती टोपलीखाली तापत राहिली. सुरंगीने ती ओल्या फडक्यात ठेवली. बहुतेक सावरली. दोन उठलीच नाहीत. सुरंगी खूप रडली.

तिच्या घरट्यातली अंडीही आता कधीही फुटणार होती. भरतीच्या लाटा पोचत होत्या तिथून तिने स्वतः ती बादलीतून आणून कुंपणाच्या आतल्या वाळूत ठेवली होती. आता तिला त्यांचीच धास्ती बसली.

तिची मीनलआत्या बिनतारी संदेशांची शास्त्रज्ञ होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिने पिल्लं तापली त्या घरट्यातला कानोसा उकरून तपासला.

“बिचारा ओरडून ओरडून थकलाय गो!”

“मग तुरतुर बहिरा आहे का?”

“मी बहिरा नाही,” तुरतुर फणकारला. “तेव्हा नुसती खरखर येत होती.”

आत्या हसली. “सुरंगी, एखादं गाणं म्हण. तुरतुर, तू पाढे म्हण. मी बाजारातून काय आणायचं ते सांगते. चला, तिघंही एकदम!”

मोठा गलबला झाला. “सांग, मी काय आणायला सांगितलं?” आत्याने विचारलं.

“काहीच कळलं नाही!”

“हीच ती टक्कर (दोन निरोप एकाच वेळी येऊन दोन्ही बिघडणं). सगळ्या कानोशांना मिळून वाहिनी (निरोप जायची वाट) एकच आहे. ऊन चढलं की सगळे एकदम ‘वाळू तापली, वाळू तापली’ करतात. त्या कलकलाटात पिल्लांचा निरोप बुडाला.”

“मग त्यांना शिस्त लाव ना!”

“लावू या. बोलण्याआधी ऐकायचं. दुसरा बोलत असेल तर गप्प बसायचं.”

सुरंगीने कपाळाला आठी घातली. “पण तो थांबला की बाकीचे सगळे एकदम तोंड उघडतील.”

“शाब्बास! म्हणून शांतता झाल्यावरही प्रत्येकाने जरा थांबायचं. किती, ते मनातल्या मनात फासा टाकून ठरवायचं. ज्याला लहान आकडा पडेल तो आधी बोलेल आणि त्याचं ऐकून बाकीचे थांबतील. शिवाय ज्याचं काम तातडीचं, त्याला फासाच लहान आकड्यांचा द्यायचा. याला म्हणतात अग्रक्रम (आधी बोलण्याचा मान). हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.”

कोणाला अग्रक्रम द्यायचा, ते आत्याच्या फोनवर बोटाने ठरवायचं काम आत्याने सुरंगीवर सोपवलं. सुरंगीने आधी आपलं घरटं तातडीचं केलं. मग शेजारचं. मग तिला ती दोन पिल्लं आठवली आणि तिचा हात थांबेना. शेवटी तिने सगळीच घरटी तातडीची करून टाकली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताच तुरतुर म्हणाला, “पुन्हा खरखर!”

सुरंगी धावली. एकेक टोपली उचलत गेली. एकीखाली पिल्लं नुकतीच वर आली होती. नशिबाने ती सुखरूप होती.

आत्याने तिने केलेली योजना पाहिली आणि तिला हसू फुटलं. “तूही राणी, मीही राणी, कोण भरणार पाणी? लहान आकडे मोजकेच असतात गो. सगळ्यांना तेच दिले, तर दोघातिघांना एकच आकडा पडणार आणि पुन्हा टक्कर होणार.”

“पण मागे कोणाला ठेवू? सगळीच लहान आहेत ना!” सुरंगी कळवळली.

आत्याचं हसू मावळलं. तिने तिला जवळ घेतलं. “घरट्याला मान द्यायचाच नाही. निरोपाला द्यायचा. वाळू तापली, हे जरा उशिरा कळलं तरी चालतं. पिल्लं वर आली, हे मात्र लगेच कळायला हवं.”

“म्हणजे माझं घरटंसुद्धा साधंच?”

“पिल्लं वर येईपर्यंत साधंच.”

सुरंगीचं बोट बराच वेळ अडलं. मग तिने सगळ्यांत आधी आपलंच घरटं साधं केलं.

“आणि दोन घरटी एकदम तातडीची झाली तर?”

“तर फासा. टक्कर झालीच, तर पुन्हा फासा. एक आधी बोलेल, दुसरं लगोलग.”

दोन दिवसांनी, ऊन कलल्यावर, नेमकं तसंच झालं. “नारळाखालचं घरटं! पिल्लं वर!” तुरतुरने वर्दी दिली. सुरंगी आणि आत्या धावल्या. सुरंगीने टोपली उचलली, पिल्लं ओंजळीत घेतली, तोच तुरतुर पुन्हा ओरडला, “कोपऱ्यातलं घरटं! पिल्लं वर!”

ते तिचं घरटं होतं. इतके दिवस तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, मग ओंजळीतल्या वळवळीकडे.

“आत्या, तू जा माझ्या घरट्याकडे!” ती म्हणाली. “मी हे पुरं करते.”

थोड्याच वेळात दोन्ही घरट्यांतली पिल्लं ओल्या वाळूवर एकमेकांत मिसळून गेली. आपली कोणती, हे सुरंगीला ओळखता येईना. मग तिने सगळ्यांनाच पाण्यापर्यंत सोबत केली.

“मोठी झाली की यातलीच एखादी अंडी घालायला परत येईल,” आत्या म्हणाली.

“तोवर मीही मोठी होईन. तेव्हा कानोसे मी बनवीन.”

शेवटचं पिल्लू लाटेबरोबर दिसेनासं झालं. ऊन उतरलं, तसे बाकीचे कानोसेही बोलू लागले.

“वाळू गार झाली म्हणतायत,” तुरतुरने सांगितलं.

“सांगू देत,” सुरंगी डोळे पुसत म्हणाली. “एकेक करून.”